दोन सिलिंडरचं लायसन्स

बाबांच्या रिव्हॉल्व्हरला दोन सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायची फिरती चक्रं, आहेत हे मी लहानपणी ऐकलं होतं, पण दुसरं कधी पाहिलं नव्हतं. घरात मी एकच बघत आलो, म्हणून दुसरं कुठं तरी हरवलं असेल किंवा रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडून आली त्या काकांकडेच राहिलं असेल असं धरून चाललो. २०२१ च्या आषाढात बाबा गेले. तेरवी झाल्यावर रिव्हॉल्व्हर आणि बारा बोअरची एकनळी बंदूक मी ठाण्यात जमा केली, पावती घेतली. ज्याच्या नावावर लायसन्स, तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही.

दिवाळीच्या आधी आईनं धान्याच्या खोलीतली लोखंडी संदूक रिकामी करायला काढली. तळाशी अडतीच्या जुन्या पावत्या, कापूस एकाधिकाराच्या काळातले चुकाऱ्याचे कागद आणि मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. कापड तेलानं पिवळं पडलं होतं. हातात घेतल्या घेतल्याच मला कळलं. सोबत पत्र्याच्या डबीत एकवीस काडतुसं होती.

आई म्हणाली, "ठेव जपून, बाबाची आठवण हाय."

आठवण होतीच. पण त्या घटकेला माझ्या घरात विनापरवाना हत्यार होतं. शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात. नुसतं सिलिंडर म्हणजे सहा भोकांचा लोखंडी गोळा, त्यातून गोळी सुटत नाही, असं आपल्याला वाटतं. कायदा तसं मानत नाही. वाडवडिलांचं म्हणून अशी सुटी वस्तू कुणाच्या संदुकीत पडून असेल तर त्यानं हे नीट ध्यानात घ्यावं. मी आधी ठाणेदारसाहेबांना फोन केला, काय सापडलं ते सांगितलं, आणि मगच वस्तू घराबाहेर काढली. तासाभरात सिलिंडर आणि डबी ठाण्याच्या टेबलावर होती. डायरीला नोंद झाली. हवालदारानं काडतुसं दोनदा मोजली आणि विचारलं, "भाऊ, हे कायचं हाय? रिव्हॉल्व्हर तं तुमी आधीच जमा केली." मी म्हणालो, हे तिचंच आहे. त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि पुढची सव्वा वर्षं मी हेच वाक्य वेगवेगळ्या टेबलांवर सांगत फिरलो.

रिव्हॉल्व्हर आहे रुगर सिंगल सिक्स. बाबांचे मावसभाऊ अमेरिकेत नोकरीला होते. १९७४ साली कायमचे परत आले तेव्हा तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामानातून घेऊन आले. १९८८ साली त्यांच्याकडून रीतसर बाबांच्या नावावर झाली. बाबांची धान्याची अडत होती, बाजाराच्या दिवशी रोख रक्कम घेऊन नदीकाठच्या रस्त्यानं रात्री यावं लागायचं. वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे तेव्हा दिव्याचा एक खांब नव्हता. त्यांनी ती कधी कुणावर रोखली नाही. वर्षातून एकदा पोळ्याच्या आसपास पुसायला काढायचे, एवढंच मी पाहिलेलं.

या बंदुकीची खुबी तिच्या सिलिंडरमध्ये आहे. एका सिलिंडरमध्ये .२२ लाँग रायफल चालते, दुसऱ्यात .२२ मॅग्नम. नळी तीच, फ्रेम तीच, काडतुसावर मार देणारा घोडा तोच. लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. मॅग्नम विंचेस्टरनं काढलं १९५९ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला शस्त्र कायदा झाला त्याच वर्षी. दोन्ही .२२ म्हणवतात म्हणून एकच समजायचं नाही. लाँग रायफलची शिशाची गोळी पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बाहेरच्या मापाचीच असते, फक्त तिचं बूड बारीक करून पुंगळीत बसवलेलं असतं. मॅग्नमची गोळी मात्र पुंगळीच्या आत बसते, म्हणून तिची पुंगळी जाड, आणि लांबही बरीच. गोळीच्या जाडीत दोघींचा फरक इंचाच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणून एक नळी दोघींना चालते. पुंगळीचा फरक मात्र बोटाला कळतो. मॅग्नमचं काडतूस लाँग रायफलच्या भोकात जातच नाही. उलट लाँग रायफलचं मॅग्नमच्या भोकात सहज जातं, आणि धोका तिथेच आहे. पुंगळीला भोवतीचा आधार मिळत नाही, ती फुगते, फाटते, आणि गरम वायू मागे येतो. सिलिंडर बदलता येतं ते यासाठीच, की प्रत्येक काडतुसाला त्याच्या मापाचं घर मिळावं. एका सिलिंडरमध्ये दोन्ही 'भागवायची' नाहीत.

वारस म्हणून लायसन्स माझ्या नावावर करायचा अर्ज कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत जातो. त्याच्या कागदांबद्दल फार लिहीत नाही. मृत्यूचा दाखला, आईचं आणि दोघी बहिणींचं तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर नाहरकत, पोलीस पडताळणी, २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण. वेळ लागतो, पण वाट ठरलेली आहे. माझं काम अडलं ते दुसऱ्या सिलिंडरवर.

शाखेतल्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी अर्ज वाचला, पावत्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे बारा बोअर एक, रिव्हॉल्व्हर एक. हे दोन झाले. आणि हे मॅग्नमचं तिसरं."

त्यांचा मुद्दा हवेतला नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काचं हत्यारही त्या दोनातच मोजतात. सिलिंडर वेगळं हत्यार ठरलं असतं, तर मला तिघांतलं एक सोडावं लागलं असतं. बारा बोअर सोडून चालणार नव्हतं. आमच्या तुरीत रानडुकरं आणि रोही रात्रभर असतात. जागलीला जाणाऱ्या सालदाराच्या मागे घरात एक बार असला की त्याला धीर येतो. आणि सिलिंडर सरकारजमा करायचं, तर रिव्हॉल्व्हर अर्धी राहणार.

मी विचारलं, बाबांच्या लायसन्सवर काय लिहिलंय? मॅडमनी पुस्तक माझ्यापुढे केलं. '.२२ रिव्हॉल्व्हर', नंबर, बस. कॉम्प्युटरवर युआयएनच्या, म्हणजे लायसन्सधारकाच्या ओळख क्रमांकाच्या, समोरही तेवढंच. म्हणजे कागदानुसार ते सिलिंडर बाबांकडे कधी नव्हतंच. हा धक्का मोठा होता. मी तोवर समजत होतो की माझ्या हातून चार महिने उशीर झाला. आता दिसत होतं की तीसेक वर्षं बाबांनीच ते विनानोंद ठेवलं. माझे बाबा असे नव्हते. पावतीवर तारीख नसली तर पोतं उतरवू न देणारा माणूस.

पुस्तक उलटून पाहिलं तर पहिलं पान २००९ चं. म्हणजे हे दुसरं पुस्तक. जुनं भरलं म्हणून नवीन दिलेलं. मग जुनं कुठे?

घरी आलो, आईला विचारलं. ती चुलीपुढून उठलीही नाही. म्हणाली, "राशन कार्डाच्या पिशवीत पाय. तुह्या बाबानं कधी कागद फेकला काय?"

पिशवीत होतं. निळं पुस्तक, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. १९८८ च्या पानावर शाईनं, तिरक्या अक्षरात, रिव्हॉल्व्हरचा नंबर आणि त्याच्या खाली इंग्रजीत एक ओळ: एक जादा सिलिंडर, .२२ मॅग्नम. बाजूला शिक्का. त्याच पानामागे ५० मॅग्नम काडतुसांची नोंद. मी ती ओळ आईला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

झालं होतं ते एवढंच. २००९ साली जुन्या पुस्तकावरून नवीन लिहिताना कुणाकडून तरी वरची ओळ उतरली, खालची राहिली. पुढे नवीन पुस्तकावरून कॉम्प्युटरला माहिती चढली. ओळ पुस्तकात नव्हती, ती कॉम्प्युटरला कुठून येणार? मला कुणावर राग नाही. पण हत्यार ज्यांच्या घरी आहे त्या सगळ्यांना माझं मनापासून सांगणं आहे: नवीन पुस्तक हातात आलं की जुन्याशी ओळीला ओळ लावून बघा, आणि जुनं पुस्तक जपा. त्याच्या झेरॉक्सवर भागत नाही.

जुनं पुस्तक बघून मॅडमचा चेहरा मोकळा झाला, पण प्रश्न मिटला नव्हता. नोंद होती हे खरं. आता एक हत्यार की दोन, हे कुणी तरी जाणकारानं लिहून द्यायला हवं होतं. शिवाय आणखी एक शंका निघाली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सिलिंडर बदलून दुसरी गोळी चालते, तर मग हे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला ठेवता येत नाहीत अशा मापाच्या हत्यारांत, तर जात नाही?

आपल्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर सर्रास का दिसतं आणि .३८ का नाही, याचं उत्तर शस्त्र नियमांच्या परिशिष्टात आहे. सैन्या-पोलिसांची .३८०, .४५५, ९ मिलिमीटर आणि .४५ ही काडतुसं ज्यात भरता आणि झाडता येतात, असं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर 'कुठल्याही बोअरचं' असलं तरी ते प्रतिबंधित. शब्द नीट बघा. नळीवर काय कोरलंय हे कायदा विचारत नाही. त्यात काय भरता येतं आणि काय सुटतं हे विचारतो. अमेरिकेत बदलत्या सिलिंडरच्या ज्या जोड्या नावाजलेल्या आहेत त्यात .३५७ मॅग्नमबरोबर ९ मिलिमीटर आहे, .४५ कोल्टबरोबर .४५ एसीपी आहे. तिथल्या माणसाला त्यात सोय दिसते, कारण ९ मिलिमीटरची गोळी स्वस्त पडते आणि सगळीकडे मिळते. आपल्याकडे असं एक सिलिंडर बसलं की अख्खी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधितमध्ये गेली. .२२ ची जोडी मात्र या यादीत कुठेच बसत नाही, लाँग रायफलही नाही आणि मॅग्नमही नाही. कुठलं काडतूस चालणार हे सिलिंडर ठरवतं ही गोष्ट मला या शंकेमुळे खऱ्या अर्थानं समजली.

तपासणी जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोररनं, म्हणजे पोलिसांच्या हत्यारांच्या जाणकारानं, केली. पन्नाशीचे गृहस्थ, डोळ्यावर चष्मा, बोलणं कमी. मालखान्यातून रिव्हॉल्व्हर आणि दोन्ही सिलिंडर माझ्यासमोर आले. त्या पावसाळ्यात मालखान्यात पाणी झिरपलं होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये बसलेल्या सिलिंडरवर, दोन खाचांच्या मधे, तांदळाच्या दाण्याएवढा गंजाचा ठिपका पडला होता. संदुकीतलं दुसरं मात्र बाबांच्या तेलात तीस वर्षं जसंच्या तसं, निळसर काळं.

आर्मोररसाहेबांनी घोडा दोन टिचक्या मागे घेऊन अर्ध्यावर अडवला, उजवीकडची झडप उघडली, सिलिंडर फिरवून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मला दाखवली, पुन्हा स्वतः पाहिली. मग डावीकडची कळ दाबून मधली पिन पुढे ओढली. सिलिंडर उजवीकडून त्यांच्या तळहातावर आलं. एक पाना नाही, एक हातोडी नाही. दुसरं त्याच जागी सरकवलं, पिन आत, कळ टिक्. "बस, एवढंच?" माझ्या तोंडून निघालं. ते म्हणाले, "बसलं म्हणजे जुळलं असं नाही जी."

आणि मग त्यांनी अर्धा तास लावला. नळीच्या मागच्या तोंडात आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडात जी फट असते ती फीलर गेजनं मोजली. ट्रॅक्टरचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतो तीच पात्यांची जुडी. एकाला सहा हजारांश इंच, दुसऱ्याला सात. फट फार असली तर वायू आणि शिसं बाजूला उडतं. अजिबात नसली तर दोन-चार बारांच्या काजळीनं सिलिंडर फिरायचं थांबतं. मग नळीतून नेमक्या मापाची सळई सोडून ती सहाही घरांत विना अटकाव उतरते का ते पाहिलं. घर आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी नळीच्या तोंडावर तासली जाते. दुसऱ्या सिलिंडरच्या तिसऱ्या घराला सळई किंचित घासली. त्यांनी पुन्हा केलं, सिलिंडरला अंगठ्यानं हलकं हलवून. उतरली.

शेवटी त्यांनी मॅग्नमचं सिलिंडर उजेडाला धरलं आणि मला जवळ बोलावलं. पुढच्या तोंडावर, घरांच्या मधल्या जागेत, बारीक हातानं ओरखडल्यासारखे तीन आकडे. रिव्हॉल्व्हरच्या नंबरचे शेवटचे तीन. कारखान्यात हे सिलिंडर याच फ्रेमला बसवून तपासलं होतं, त्याची ती खूण. मी ते सिलिंडर ठाण्यात जमा करायच्या आधी हातात घेतलं होतं आणि मला ते दिसले नव्हते. दुकानातून सुटं सिलिंडर आणून कुठल्याही बंदुकीत घातलं असं होत नाही. प्रत्येक जोडी लावून बघावी लागते. हे जन्माचंच जोडीदार होतं.

त्यांचा अहवाल पाऊण पानाचा होता. फ्रेम एक, नळी एक, नंबर एक. जादा सिलिंडर त्याच हत्याराचा भाग, त्याला स्वतंत्र नंबर नाही, ते एकटं गोळी झाडू शकत नाही. माझ्या प्रकरणात कचेरीनं हे मान्य केलं. २०२३ च्या फेब्रुवारीत लायसन्स हातात आलं, पाच वर्षांचं. दोन हत्यारं, आणि रिव्हॉल्व्हरच्या खाली ती ओळ, पुन्हा. मी पायरीवर बसून ती चार वेळा वाचली.

चालवायला शिकलो त्यानंतर. बंदूक घरात असणं आणि ती चालवता येणं यात फार अंतर आहे, आणि ज्याला येत नाही त्यानं ती ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्हा रायफल असोसिएशनचा सराव महिन्यातून दोनदा पोलिसांच्या रेंजवर असतो, तिथे नाव घातलं.

माझी रिव्हॉल्व्हर जुन्या घडणीची, बाजूला तीन स्क्रू दिसणारी. रुगरनं १९७३ पासून आत एक आडपट्टी बसवली, त्यामुळे ट्रिगर ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोचत नाही. माझ्या बंदुकीत ती नाही. घोडा खाली असला की तो थेट घरातल्या काडतुसावर टेकतो. बंदूक हातून पडली तर बार होऊ शकतो. म्हणून घरं सहा असली तरी काडतुसं पाचच. उस्तादांनी पहिल्याच दिवशी घोटून घेतलं: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ आणि हळूच खाली घे. असं केलं की घोड्याखाली रिकामं घर येतं. आता हात आपोआप तसा चालतो.

लाँग रायफलनं पंधरा मीटरवर महिनाभर सराव केला. आवाज सुक्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा, झटका जवळपास नाही. हाताची चूक लपत नाही, म्हणून शिकायला हेच बरं. मॅग्नमची काडतुसं नागपूरच्या दुकानात विचारली तर दुकानदार काकांनी मान हलवली. कित्येक वर्षांत आलीच नाहीत म्हणाले. म्हणजे माझ्याकडे होती ती बाबांची एकवीस, लायसन्ससोबत परत मिळालेली.

त्यातली बारा मी एका रविवारी झाडली. आधी रेंजवरची लाँग रायफलची सगळी काडतुसं बाजूच्या टेबलावर, डबी बंद करून. दोन प्रकारची काडतुसं एका टेबलावर उघडी ठेवायची नाहीत हा माझा स्वतःचा नियम. सिलिंडर बदललं, आकडे पाहिले, पाच भरली. पहिलाच बार असा झाला की शेजारच्या लेनवरच्या पोरानं वळून पाहिलं. दिवसाउजेडीही नळीच्या तोंडाशी जाळ दिसला. गोळ्या कागदावर चार बोटं वर आणि थोड्या डावीकडे लागल्या. नळी तीच, हात तोच, पण गोळी वेगळी म्हटल्यावर नेमही वेगळा. साइट फिरवून घेतली. आता दोन्हींसाठी साइट किती खटके फिरवायची ते वहीत लिहून ठेवलंय.

बारापैकी तीन फुटली नाहीत. घोडा पडला, नुसतं टक्. तेव्हा घाई करायची नसते. तोंड टार्गेटकडेच ठेवून मी मनात तीस मोजले, कारण जुन्या काडतुसात कधी ठिणगी उशिरा पेटते. मग काढून उस्तादांकडे दिली. काठावर घोड्याची खूण स्पष्ट होती, आतलं मसाल्याचं आयुष्य संपलं होतं. उरलेली नऊ मी ठेवली आहेत. ती चालवायची नाहीत असं ठरवलं आहे.

गंजाचा ठिपका तेल लावून, मऊ कापडानं घासून बराच गेला, पण खड्डा राहिला. त्यामुळे आता अंधारातही अंगठा फिरवला की कळतं, हातात कुठलं सिलिंडर आहे.

२०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांना हत्यारं जमा करावी लागली. पहिल्या वेळी ठाण्यात नवीन पोरगा होता. त्यानं पावतीवर लिहिलं, बारा बोअर एक, रिव्हॉल्व्हर एक, आणि सही केली. मी पावती परत त्याच्याकडे सरकवली.

"काय राह्यलं काकाजी?"

"खाली लिही बेटा. जादा सिलिंडर, .२२ मॅग्नम, नग एक."

त्यानं लायसन्सवरची ओळ शोधली, बोटानं ताडून पाहिली आणि लिहिलं. मग ठिपक्याचं सिलिंडर रिव्हॉल्व्हरमध्ये आणि दुसरं मांजरपाटात गुंडाळून, दोन्हींना एकाच नंबरची चिठ्ठी बांधली.